दर भाद्रपदात उतरणारी बॅटरी

सांगलीच्या बाजारपेठेत तीन पिढ्या हळदीची अडत करणाऱ्या एका कुटुंबाच्या वाड्यात, दिंडीदरवाजालगतच्या पडवीत, १९५५ सालची ट्रायम्फ ‘स्पीड ट्विन’ उभी असते. एडवर्ड टर्नर यांनी आखलेली ही दोन सिलिंडरांची, ४९८ घनसेंटिमीटर इंजिनाची मोटारसायकल १९३७ साली प्रथम लोकांसमोर आली आणि पुढे इंग्लंडमधील इतर कारखान्यांनी बराच काळ तिचाच कित्ता गिरवला. वाड्यातील ज्येष्ठ, ज्यांना घरदार अण्णा म्हणते, त्यांच्या वडिलांनी ही गाडी घेतली होती. अण्णांनी आता पंचाहत्तरी ओलांडली आहे. तरी घर ते दुकान ही रोजची वाट ते अजून याच गाडीने जातात. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम कडक असल्याने परतीची वेळ ठरलेली. वर्षभरात गाडीचा दिवा लावण्याचा प्रसंग सहसा येत नाही.

अपवाद दशलक्षण पर्वाचा. भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत अण्णा दुकानाची पायरी चढत नाहीत. दिवसा एकाशन आणि स्वाध्याय. सायंकाळी गावाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या बस्तीत आरती आणि प्रवचन. गुडघे चालू देत नाहीत, म्हणून तेथे जाणे गाडीनेच. जाण्यायेण्याला मिळून अर्धा तास लागतो आणि दोन्ही वेळा दिवा लावावा लागतो.

आणि याच दहा दिवसांत गाडीची बॅटरी उतरते. अण्णांच्या किरकोळ खर्चाच्या वहीत त्याची नोंद आहे. पर्वाच्या दिवसांत ते तारखेऐवजी त्या त्या दिवसाचा धर्म लिहितात. एका वर्षी ‘उत्तम तप – नवी बॅटरी’, त्याच्या पुढच्या वर्षी ‘उत्तम संयम – नवी बॅटरी’. पहिल्या वेळी पावसाळी ओलीला दोष दिला गेला. दुसऱ्या वेळी मेस्त्रींनी सांगितले की सहा व्होल्टच्या बॅटरीला हल्ली गिऱ्हाईक उरलेले नाही, ती दुकानात पडून पडून जुनी होते आणि नवी म्हणून विकली जाते. दोन्ही कारणे अशक्य नव्हती, आणि म्हणूनच ती पटली.

तिसऱ्या वर्षी पुन्हा उत्तम संयमाचाच दिवस होता. प्रवचनाहून परतताना दिव्याचा उजेड आधी पिवळट झाला, मग लालसर, मग विझत्या निखाऱ्याएवढा. इंजिन दोनदा अडखळले आणि एका वळणावर बंद पडले. समोरून दिवे नसलेला ट्रॅक्टर आला. त्याला चुकवताना अण्णा गाडीसह रस्त्याकडेच्या चिखलात कलंडले. कोपर खरचटण्यावर निभावले. पण त्या रात्री मुलाने निर्णय सांगितला. पुण्याच्या एका संग्राहकाने या गाडीबद्दल पूर्वी दोनदा विचारणा केली होती. त्याला कळवायचे, अनंत चतुर्दशी झाली की येऊन गाडी घेऊन जा. अण्णा काही बोलले नाहीत. वहीत त्यांनी त्या दिवशीची नोंदही केली नाही.

नोंद न केल्याचे लक्षात आले ते नातीच्या. ती विश्रामबागच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत शाखेच्या तिसऱ्या वर्षाला शिकते. गाडीला हात लावण्याआधी तिने वही मागितली, हे विशेष म्हटले पाहिजे. यंत्र बिघडले की माणसे सहसा आधी पाना शोधतात. पण दोष कधी येतो, कोणत्या कामानंतर येतो आणि कधी मुळीच येत नाही, ही माहिती पान्याने मिळत नाही.

वहीत तिला दोन गोष्टी दिसल्या. दर वेळी बॅटरी उतरली ती पर्वाच्या सहाव्या-सातव्या दिवशी, म्हणजे पाच-सहा रात्री दिवा जळल्यावर. दुसरी गोष्ट तोवर कोणी विचारात घेतली नव्हती. वर्षभर, दर पंधरा दिवसांनी, वहीत ‘डिस्टिल्ड वॉटर’ असा खर्च होता.

“अण्णा, बॅटरी इतकं पाणी का पिते?”

“जुनी गाडी आहे बाळ. पिते.”

बॅटरी पाणी पिते ती बहुधा तिला गरजेहून जास्त प्रवाह मिळाल्यामुळे. सहा व्होल्टच्या बॅटरीत तीन कप्पे असतात. प्रत्येक कप्प्याचा दाब सुमारे २.४ व्होल्टवर, म्हणजे एकूण ७.२ व्होल्टवर गेला, की आतील पाण्याचे विघटन होऊन वायू सुटू लागतो आणि पातळी खाली जाते. तेव्हा कोडे असे होते की जी बॅटरी वर्षभर अतिभोजनाने त्रासते, तीच दहा दिवसांत उपाशी मरते. एकाच गाडीत या दोन्ही गोष्टी कशा घडाव्यात?

त्यासाठी या गाडीची वीजव्यवस्था थोडी समजून घ्यावी लागते. १९५३ पासून ‘स्पीड ट्विन’ला जुन्या डायनॅमोऐवजी लुकस कंपनीचा अल्टरनेटर बसू लागला. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला चुंबक फिरते आणि त्याच्याभोवती तारेची सहा वेटोळी स्थिर असतात. ही वेटोळी जोड्यांनी काम करतात, तीन जोड्या. त्यांतून निघणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. ती रेक्टिफायरमधून गेली की एकाच दिशेने वाहू लागते आणि मग बॅटरीत जमा होते. येथपर्यंत सारे नेहमीचे. वेगळेपण पुढे आहे. या गाडीत व्होल्टेज आवरणारे स्वतंत्र यंत्रच नाही. ते काम दिव्याचा स्विच करतो.

तीनपैकी एक जोडी कायम बॅटरीसाठी राबते. उरलेल्या दोन जोड्यांचे काय करायचे ते स्विच ठरवतो. दिवा बंद असेल तेव्हा स्विच या दोन जोड्यांची टोके आपापसांत जोडून टाकतो. त्यांच्यात जो प्रवाह फिरतो तो चुंबकाच्या जोराला विरोध करतो आणि पहिल्या जोडीचे उत्पादन दबते. दिवसा गरज कमी, म्हणून जमाही कमी. बारीक दिवा लावला की ही टोके मोकळी सुटतात आणि पहिली जोडी जोमाने काम करू लागते. मुख्य दिवा लावला की तिन्ही जोड्या एकत्र येऊन वीज देतात. खर्च वाढला की जमाही वाढावी, अशी ही सोय. तिच्यातील साधेपणाचे कौतुक करावे तितके थोडे. मात्र सारी भिस्त स्विचवर आणि अल्टरनेटरपासून त्याच्यापर्यंत जाणाऱ्या तीन तारांवर आहे.

एवढे कागदावर मांडून झाल्यावर नातीने गाडी अंगणात घेतली. आधी बॅटरी काढून मंद गतीने रात्रभर बाहेरच्या चार्जरवर ठेवली, मग काही तास तशीच विसावू दिली. हा विसावा महत्त्वाचा. चार्जरवरून नुकत्याच काढलेल्या बॅटरीचा आकडा नेहमी फुगलेला असतो. विसावल्यावर मीटरने ६.३ व्होल्ट दाखवले. हायड्रोमीटरने तिन्ही कप्प्यांतील आम्ल तपासले. घनता जवळजवळ सारखी होती. एखादा कप्पा मेलेला असता तर तो येथेच उघडा पडला असता. मग मुख्य दिवा पाच मिनिटे लावून ठेवला. दाब सहाच्या खाली गेला नाही. बॅटरी निर्दोष होती. बहुधा आधीच्या दोघीही आरंभी निर्दोषच असाव्यात. पण शिशाची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन तशीच पडून राहिली की तिच्या पट्ट्यांवर कठीण थर धरतो आणि मग ती खरोखरच निकामी होते. दोष दुसऱ्याचा, मरण हिचे.

येथे एक सूचना आवश्यक आहे. त्या काळच्या या गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असते. आजच्या गाड्यांच्या नेमके उलट. सवयीने ऋण टोक सांगाड्याला जोडले तर रेक्टिफायर जळण्यास क्षणही पुरतो. नातीने बॅटरीशेजारी लाल रंगाने अधिकचे चिन्ह काढून ठेवले, मग पुढचे काम.

इंजिन चालू केले. ते हवेने थंड होणारे, उभ्या गाडीत फार वेळ चालवू नये, म्हणून समोर टेबलफॅन लावला होता. मीटर बॅटरीच्या टोकांवर. दिवा बंद ठेवून इंजिन मध्यम वेगात नेल्यावर दाब चढत गेला आणि काही मिनिटांत ७.६ व्होल्टवर स्थिरावला. मेस्त्रींनीही दरवर्षी हेच पाहिले होते. भर दुपारी गाडी रेस करायची, काटा चढला की ‘चार्जिंग झकास आहे’ असे सांगायचे आणि बॅटरी बदलायची. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ते ‘दिवा बंद असताना’ एवढ्यापुरते खरे होते आणि तो ‘स्यात्’ उच्चारायचा राहून गेला होता. स्याद्वाद ऐकत वाढलेल्या घरालाही तीन वर्षे त्याची आठवण झाली नाही. शिवाय ७.६ हा आकडा प्रकृती उत्तम असल्याचा नव्हे. पाणी उकळून घालवणारा आहे.

मग मुख्य दिवा लावला. दाब झपाट्याने ६.२ वर आला आणि इंजिनाचा वेग वाढवूनही वर जाईना. नातीने मीटर प्रवाह मोजण्याच्या जागेवर घेऊन बॅटरीच्या मार्गात जोडला. दिवा बंद असताना बॅटरीत अडीच अँपियर जमा होत होते. मुख्य दिवा लावताच चार अँपियर बाहेर जाऊ लागले.

येथे अण्णा, जे तोवर ओट्यावर बसून नुसते पाहत होते, हिशेबाला पुढे सरसावले. मुख्य दिवा ३० वॉटचा, म्हणजे सहा व्होल्टला पाच अँपियर. मागचा दिवा एक. ठिणगीच्या कॉइलला सुमारे दोन. एकूण खर्च आठ; पैकी एकट्या जोडीकडून मिळतात चार; रोजची तूट चार. अर्ध्या तासाच्या प्रवासाला दोन अँपियर-तास. बॅटरीची क्षमता बारा. दिवसा गाडी बाहेर निघत नाही, म्हणजे भरणा शून्य.

“सहा दिवस,” अण्णा म्हणाले. “उत्तम संयम.”

वर्षभर पाणी आटून बॅटरीची ताकद थोडीफार घटलेली असणार, हेही खरे. पण हिशेब जुळला, आणि आता कोठे पाहायचे तेही ठरले. दिव्याच्या वेळी उरलेल्या दोन जोड्यांची वीज येत नव्हती, आणि दिवसा त्या जोड्या पहिलीला दाबतही नव्हत्या. दोन्ही तक्रारींचे एकच कारण असू शकत होते. त्या दोन जोड्यांची तार कोठेतरी तुटलेली असावी. तार तुटली की टोके जोडण्याचा स्विचचा प्रयत्न वाया जातो, म्हणून दिवसा अतिभरणा. आणि तिन्ही एकत्र करण्याचाही वाया जातो, म्हणून रात्री तूट.

जुन्या गाड्यांच्या शौकिनांत अशा वेळी पहिला संशय रेक्टिफायरवर घेतात. मूळचा रेक्टिफायर सेलेनियमच्या चकत्यांचा असतो आणि म्हातारपणी तो दगा देतो हे खरे आहे. नातीने तोही तपासला. प्रत्येक मार्गाने प्रवाह एकाच दिशेला जात होता. त्याच्या मधोमध चकत्या आवळून धरणारी नटबोल्ट असते, तिला मात्र तिने पाना लावला नाही. ती सैल केली की चकत्यांमधील संपर्क बिघडतो आणि चांगला रेक्टिफायरही बाद होतो. नंतर इंजिनाखाली अल्टरनेटरच्या तीन तारांचे जोड सुटे केले. या तारांचे मूळ रंग फिकट हिरवा, मध्यम हिरवा आणि गडद हिरवा असे. सत्तर पावसाळ्यांनंतर आणि चेनकेसच्या तेलात भिजल्यावर तिन्हींचा एकच मातकट रंग झाला होता. ज्या कोणी ही रंगयोजना ठरवली त्याने गाडी इतकी वर्षे जगेल असे मानले नसावे. एक ओहमचा जाड रोध तारांमध्ये आळीपाळीने जोडून – तो बराच तापतो, म्हणून फरशीवर ठेवून – चालू इंजिनावर प्रत्येक जोडीचे व्होल्टेज पाहिले. दुरुस्ती-पुस्तिकेत दिलेल्या किमान आकड्यांना सर्व जोड्या उतरल्या. अल्टरनेटर शाबूत होता.

उरला तो जोडापासून स्विचपर्यंतचा मार्ग. ट्रायम्फच्या या मॉडेलमध्ये दिवा, वेगमापक, अँमीटर आणि स्विच हे सारे हँडलखालच्या एकाच पत्र्याच्या घडणीत बसवलेले आहे. हँडल वळले की ते सर्वच वळते, आणि सांगाड्यातून वर येणाऱ्या तारांना दर वळणाला मानेपाशी वाक बसतो. मीटर तारेची अखंडता तपासण्याच्या जागेवर लावला. दोन तारांना त्याने शीळ घातली, तिसरीला गप्प राहिला. नातीने अण्णांना हँडल सावकाश डावीकडे वळवायला सांगितले. अगदी टोकाला गेल्यावर शीळ वाजली. थोडे परत आणताच थांबली. पुन्हा डावीकडे, पुन्हा शीळ. अण्णांनी हे चार-पाच वेळा केले, गरज नसताना.

तार बाहेरून धडधाकट दिसत होती. आवरण सोलल्यावर आतील तांब्याचे केस काळवंडून तुटलेले निघाले. पडवीत गाडी नेहमी हँडल डावीकडे वळवून लावली जाते, त्यामुळे तेथे उभ्या उभ्या तपासले असते तर तार जोडलेलीच आढळली असती. काटा अडकलेला जुना अँमीटर चालू असता तर पहिल्याच रात्री त्याने खरे सांगितले असते, पण तो कित्येक वर्षे शून्यावर रुतून बसलेला होता आणि कोणाला त्याची उणीव भासली नव्हती.

दुरुस्ती किरकोळ होती. तिन्ही तारा जोडापासून स्विचपर्यंत नव्या टाकल्या, मानेपाशी थोडी सैल लांबी ठेवली, टोकांना डाग दिला, आणि ओळख पटावी म्हणून तीन रंगांच्या नळ्या चढवल्या. स्विचचे संपर्क साफ केले. खर्च तीनशे रुपयांच्या आत. मुलाने मध्यंतरी बारा व्होल्टच्या संचाची चौकशी केली होती. तो पर्याय वाईट नाही. अनेक जाणकार तो स्वीकारतात आणि उजेडही अधिक मिळतो. तो बसवला असता तर स्विचकडे जाणाऱ्या तारा वगळल्या जाऊन हा दोष न सापडताच नाहीसा झाला असता. पण त्यासाठी खर्च अनेक पटींनी, आणि अण्णांच्या वडिलांची गाडी तेवढीच कमी उरली असती. आधीच्या दोन मृत बॅटऱ्या पडवीत कोपऱ्यात पडून होत्या. त्यांतील आम्ल अंगणातल्या मातीत सांडून तेथल्या जीवांचा घात होऊ नये म्हणून त्या विक्रेत्याकडे परत पाठवल्या.

पुन्हा मोजणी झाली. दिवा बंद असताना दाब आता ७.० च्या आसपास थांबत होता. मुख्य दिवा लावल्यावर मध्यम वेगाला बॅटरीतून काही जात नव्हते. उलट अर्धा अँपियर आत येत होता.

अंगणातील आकडे आणि रस्त्यावरील आकडे एकच असतील असे मानणे बरोबर नव्हे, म्हणून खरी परीक्षा रात्री घ्यायची ठरले. त्या दिवशी चतुर्दशी होती. मुलाने एकच अट घातली, रात्री गाडी अण्णांनी चालवायची नाही. अण्णांनी ती मान्य केली. इतक्या सहज की मुलगाच क्षणभर गोंधळला. नातीने दोन दिवस पहाटे मोकळ्या रस्त्यावर सराव केला होता. या गाडीचे गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असल्याने आजच्या गाड्यांची सवय उपयोगी पडत नाही, उलट घात करते.

बस्तीकडे निघताना मीटरच्या लांब तारा बॅटरीपासून सीटखालून काढून अण्णांच्या हातात दिल्या. ते मागे बसले. मुलगा स्कूटरवरून पाठीमागे होता. पाऊस थांबलेला, ढगाआडून चांदणे येत होते, आणि रस्त्यावर पडलेला दिव्याचा झोत शेवटपर्यंत पांढराच राहिला. प्रत्येक चौकात गाडी मंदावली की आकडा थोडा खाली येई आणि वेग घेतला की पुन्हा चढे. अण्णा तो मोठ्याने वाचत होते.

“सहा पॉइंट चार. सहा पॉइंट सहा.” मग थोड्या वेळाने, “सहाच आहे, सहा पॉइंट सहा.”

बस्तीच्या दारात उतरल्यावर त्यांनी मीटर नातीकडे दिला, खिशातून वही काढली आणि आरती सुरू होण्याआधी तारेचे तीनशे रुपये उत्तम ब्रह्मचर्याच्या नावे लिहून टाकले. पुण्याला फोन करायचा तो मुलाने दुसऱ्या दिवशी केला.